सातारा ते शांघाय, थांबा धरून

संक्रांतीच्या सुमारास प्रियदर्शनीचं एक कार्ड आलं होतं, त्याला मी उत्तर दिलं नाही. साधं पोस्टाचं कार्ड, निळी शाई, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. 'वीरू, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डावा डोळा मिरजेला याच आठवड्यात, उजवा होळी झाली की. काही दिवस वाचायचं नाही म्हणे. मुलानं बंगळूरहून मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिलीय, पण तो वाचणारा बाबा स्वल्पविरामाला थांबत नाही. तू थांबतोस. डाव्या वेळेला नाही जमलं तर उजव्याला तरी सांगलीला येऊन वाचून दाखवशील का? फोन तू उचलत नाहीस, म्हणून कार्ड. प्रि.' एवढंच. यात उत्तर न देण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. मीही विचारत होतो. कार्ड टेबलावर पडून होतं, मी त्याच्यासमोर बसून चहा पीत होतो, आणि एखादा पाहुणा आपण होऊन उठून जाईल अशी वाट पाहावी तसा मी त्या प्रश्नाची वाट पाहत होतो.

उत्तरं मी पुष्कळ लिहिली, पण ती मनात. आणि मनात लिहिलं तरी माझी जुनी खोड जात नाही. सगळी नोकरी मी साताऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात काढली. लग्नपत्रिकांपासून साखर कारखान्यांच्या अहवालांपर्यंत जे काही छापायला येई ते आधी माझ्या डोळ्यांखालून जाई. त्यामुळे वाक्य तयार झालं की लगेच त्याच्या शेजारी समास उमटतो आणि समासात माझंच मुंगीएवढं अक्षर. 'तुझं कार्ड मिळालं, आनंद झाला.' मोतीबिंदूचा आनंद? काट. 'मी नक्की येईन.' नक्की कशाला, आपण काय एवढे नक्की असतो? काट. 'माझा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.' हे खरं होतं, पण पूर्वीचा आवाज तिच्या लक्षात आहे असं त्यात गृहीत धरलेलं, म्हणजे आगाऊपणा. काट. शेवटी कोरा कागद उरायचा आणि तो मात्र अगदी निर्दोष असायचा. माझं नाव वीरधवल आहे. वडिलांनी फार मोठ्या अपेक्षेने ठेवलं होतं. सोसायटीच्या पाटीवर ते वाचून नवीन आलेले लोक दार वाजवतात आणि दार उघडलं की माझ्या मागे कुणी आहे का ते पाहतात.

सगळ्यात लाज वाटायची ती अंतराची. सातारा ते सांगली म्हणजे काय? कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा आणि पुढे सांगली. लोक सकाळी जेवणाचा डबा घेऊन जातात, दवाखान्याचं काम उरकून, नातेवाइकांचे रुसवे काढून संध्याकाळी परत येतात. एसटीत एक झोप झाली की आलं. एवढ्याशा अंतराची भीती बाळगायची म्हणजे बादलीभर पाण्यात बुडण्यासारखं. मला एखाद्या अवघड देशाची भीती वाटली असती तर तिला काही इभ्रत राहिली असती. सांगलीची भीती कुणाला सांगणार? आणि होळी तर झाली. रंगपंचमीही झाली. आमच्या गल्लीतला पांढरा कुत्रा अजून गुलाबी फिरत होता. उजव्या डोळ्याची तारीख कधीही येईल, किंवा येऊन गेलीही असेल, असा विचार मनात आला की मी उठून उगाचच नळ बंद आहे का ते पाहायचो.

अशाच एका दिवशी मी मुजीबच्या दुकानात गेलो तो फोन दुरुस्त करायला. मुजीब हा सलिमाबाईंचा मुलगा. त्या आमच्या छापखान्यात बांधणीला होत्या, त्यामुळे त्याला मी दुपट्यातला पाहिलेला. आता पोवई नाक्याजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे. माझी तक्रार अशी होती की मी बोललेलं पलीकडे ऐकू जात नाही. लोक 'हॅलो, हॅलो' करतात आणि ठेवून देतात. म्हणूनच मी फोन उचलायचं सोडलं होतं. मुजीबने फोन उघडला, फुंकर मारली, काहीतरी टोचून पाहिलं आणि परत मिटला. "काका, माइक एकदम ओके हाय," तो म्हणाला. "मग?" मी विचारलं. "मग काय? तुमीच बोलत न्हाई. आत्ता 'मग' म्हनलात त्ये मी तोंडावरनं वळाखलं." दुकानातल्या स्टुलावर आमच्याच सोसायटीतला नाथाजी बसला होता. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्याचा कुजबुजतानाचा आवाजही परेडचा असतो. तो हसून म्हणाला, "आरं, ह्याच्या लग्नात बी भटजीला ऐकू गेलं नसतं. म्हनून तर केलं न्हाई गड्यानं." मुजीबने फोन माझ्या तोंडासमोर धरला. "त्याला काय बी इचारा. पोटातनं बोला. चालतंय का न्हाई लगेच कळंल."

काय बी. माणसाला असं म्हटलं की त्याच्या तोंडून जे आत असतं तेच येतं. मी इकडेतिकडे पाहिलं, फोनजवळ वाकलो आणि विचारलं, "सातारा ते सांगली किती लांब आहे?" विचारलं म्हणजे, मला वाटलं की विचारलं. सांगली हा शब्द तर मी बहुतेक ओठ न हलवताच म्हटला असणार, कारण नाथाजी शेजारीच होता. फोनने थोडा विचार केला आणि त्यातल्या बाईने, सगळ्या दुकानाला, बाहेर उभ्या असलेल्या रिक्षाला आणि पलीकडच्या रसवंतीला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात सांगितलं की सातारा ते शांघाय हे अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर आहे आणि विमानाने, थांबा धरून, दहा ते चौदा तास लागू शकतात.

मुजीबचा हात तसाच राहिला. नाथाजी स्टुलावरून उठला. "आरं तिच्या! शांघाय? चीनचं?" मी मान हलवली. ती कुठल्या दिशेने हलली हे मला आजही सांगता येणार नाही, पण दुकानातल्यांनी ती होकाराची धरली. "आमी अरुनाचलात बर्फात बसून दुर्बिनीतनं त्यांच्याकडं बघत हुतो, आन तू तिकीट काढून निघाला व्हय रं?" नाथाजी म्हणाला, त्याच्या आवाजात तक्रार होती पण तिच्याखाली एक मान होता, आणि तो मला त्याने याआधी कधी दिला नव्हता. "कोन हाय काका तिकडं?" मुजीबने विचारलं. खरं तर याच वेळी सांगायचं. चूक दिसली की खूण करायची, हेच मी जन्मभर केलं. एका पत्रिकेत 'शुभविवाह'मधला 'शु' मोडका उठला होता तर मी रात्री यंत्र थांबवलं होतं. पण माझ्या तोंडून आलं ते वेगळंच, आणि ऐकू जाईल असं आलं. "मैत्रीण आहे," मी म्हणालो. "तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तिला वाचून दाखवायला जायचंय." मग नाथाजीने जरा संशयाने विचारलं, "चिनी?" "नाही. मराठी." "मग बरं हाय," तो म्हणाला आणि खाली बसला.

मी बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर ते पिवळं होऊन टेकलं होतं. माझ्या गुडघ्यांना चढ जाणवला नाही. मैत्रीण. हा शब्द मी कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. लोकांच्या कादंबऱ्यांत तो तपासला होता, त्याची वेलांटी ऱ्हस्व आली तर दीर्घ केली होती, पण माझ्या स्वतःच्या दातांमधून तो पहिल्यांदाच बाहेर पडला आणि काहीच कोसळलं नाही. शांघायची म्हणून म्हणता आला. सांगलीची मैत्रीण म्हणालो असतो तर नाथाजीने डोळा मारला असता, त्याच्या बायकोने, मनुबाई वहिनींनी, गाव, आडनाव, घरात कोण कोण हे विचारलं असतं, आणि मी दोन वर्षं संध्याकाळचा बाहेर पडलो नसतो. पाच हजार किलोमीटरवरच्या बाईबद्दल मात्र कुणाला काही गैर वाटत नव्हतं. एवढ्या अंतरावर सगळं स्वच्छच असणार.

पण ती सांगलीची होती आणि माझ्या आठवणीत तिला हळदीचा वास होता. म्हणजे तिला नव्हे, गावाला. पण मला ते दोन वेगळे करता आले नाहीत. हळदीच्या दिवसांत सांगलीत पेठेच्या बाजूने वारा आला की वहीच्या पानांत पिवळी भुकटी बसायची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर तिचा चष्मा फुटला. तिने तो बाकावर ठेवला आणि स्वतःच त्यावर बसली. नंबर असा चमत्कारिक की नवीन काचा पुण्याहून यायच्या होत्या. त्या दिवसापर्यंत मी तिच्याशी जे बोललो होतो ते सगळं मिळून एका ओळीत बसलं असतं. ती वर्गात उभी राहिली, डोळे बारीक करून सगळ्यांकडे पाहिलं, आणि ज्याच्याकडे पुस्तक आहे पण तोंड नाही अशा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हा वाचेल." कृष्णेच्या घाटावर, पायऱ्यांवर सावलीला आम्ही बसलो. मी अर्थशास्त्र उघडलं आणि माझ्या तोंडून एक भरदार, ठणठणीत आवाज निघाला. मी दचकून मागे पाहिलं. तीही पाहत होती. "अरे, हा कुठे ठेवला होतास?" ती म्हणाली. तेव्हापासून मला कळलं की वाक्य दुसऱ्याचं असलं की माझा आवाज चालतो. स्वतःचं असलं की बसतो.

रोज दुपारी वाचायचो. पलीकडे आयर्विन पूल उन्हात थरथरायचा, म्हशी पाण्यातून नाकं वर काढून ऐकायच्या, आणि खालच्या पायरीवर एक म्हातारी बाई धुणं आपटायची. मागणी आणि पुरवठा हे प्रकरण चालू होतं. मागणी वाढली की काय होतं, मागणी कमी झाली की काय होतं, मागणी कशी लवचिक असते. तीन-चार दिवसांनी धुणं आपटायचं थांबवून म्हातारीने वर पाहिलं. "आरं पोरा, कवाधरनं ऐकतीया. मागनी मागनी म्हनतोयस. घातली का न्हाई मग त्यानं?" प्रियदर्शनी एवढी हसली की तिच्या हातातल्या शेंगा नदीत गेल्या. मी पान उलटलं. म्हातारी माझ्या उत्तराची वाट पाहत राहिली. ओला पिळा तिच्या हातात तसाच. "पुढच्या प्रकरणात आहे, मावशी," मी कसंबसं म्हणालो. "घालाय सांग त्याला. पोरगी काय म्हातारी हुईस्तोवर थांबत न्हाई," असं म्हणून तिने पिळा पायरीवर जोरात आपटला आणि पाण्याचे थेंब थेट मागणीच्या आलेखावर उडाले. पुढचं प्रकरण बँकांवर होतं. काचा आल्या, परीक्षा झाली, ती पास झाली, पुढे तिचं लग्न झालं, तिने मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, यजमान गेले, मुलगा बंगळूरला गेला. मी साताऱ्याला आलो. दिवाळीला कार्डं जायची यायची. कऱ्हाडला एका लग्नात भेटली तेव्हा पंगतीत पलीकडून ओरडली, "काय रे, बँका संपल्या का?" आणि मी जिलबी हातात धरून हसलो. एवढं मला आठवतं, आणि आठवलं की कानांच्या पाळ्या गरम होतात. पण त्या दिवशी चढावर त्या गरम झाल्या त्या वेगळ्याच कारणाने. मी मोठ्याने हसत होतो. गुलाबी कुत्रा माझ्याकडे पाहून बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी सोसायटीत चीनला जाणारा माणूस झालो होतो. मनुबाई वहिनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आल्या. "भावजी, तिकडं काय मिळंल न्हाई मिळंल. ही म्हैनाभर टिकतीया. वरनं तेल घालून खावा." त्या जाईनात. मग हळूच म्हणाल्या, "लय लांब हाय म्हनं. भ्या न्हाई वाटत?" आणि मी म्हणालो, "वाटतं, वहिनी. फार वाटतं." त्यांनी मान डोलावली. "वाटनारच की. येवढ्या लांबचं म्हनल्यावर." दार लावून मी डबा पोटाशी धरून उभा राहिलो. कुणीतरी माझ्या भीतीला, ती जेवढी होती तेवढी, बरोबर मापाची म्हटलं होतं. दुपारी नाथाजी आला तो त्याची लष्करी वळकटी खांद्यावर घेऊन. ती त्याने मला उसनी दिली आणि विमानाबद्दल जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. "ईमानात बसल्यावर गाव किती लांब ह्ये कुनी इचारत न्हाई गड्या. किती तास, येवढंच. खाली बघायचं न्हाई. घड्याळ बी बघायचं न्हाई, त्ये पुढं जातंय का मागं कायच कळत न्हाई. कान दुखलं तर जांभई द्यायची. दे बघू." मी जांभई दिली. "आजून मोठी." मी अजून मोठी दिली. आम्ही दोघे म्हातारे माझ्या खोलीत समोरासमोर बसून जबडे उघडत होतो. मला राहवेना. मी पोटातून आवाज काढून म्हणालो, "नाथाजी, मी सांगलीला जाणार आहे. सां-ग-ली." त्याचा डावा कान तोफांनी गेलेला आहे. "व्हय रं, मी बी त्येच म्हनतोय," तो म्हणाला. "आता कसा बोललास! आसं बोल तिकडं."

तो गेल्यावर मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो आणि खरोखरच उडालो. खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले. खाली सातारा लहान होत गेला. छापखान्याचा पत्रा, तिथे मी वर्षानुवर्षं खाली मान घालून बसलेला, वरून पाहिल्यावर माझं टक्कल चांगलं चकचकीत दिसत होतं. मग ढग. ढगांत मला वाटलं की फोनमधल्या बाईने काही चूक केलेली नाही. अंतर मोजणाऱ्यांनी रस्ता मोजला होता, माणूस धरला नव्हता. घाटावरच्या त्या पायरीपासून या खुर्चीपर्यंत कुठली एसटी येते? जे अंतर मला इतक्या वर्षांत कापता आलं नाही ते पाच हजार किलोमीटरांपेक्षा कमी कसं असेल? सगळे मला सांगत आले, मीही स्वतःला सांगत आलो, की हे इथंच तर आहे, पाऊल टाकलं की आलं. आणि ते आलं नाही की मी स्वतःला पांगळा समजलो. फोनमधली ती बाई पहिली होती जिने मला खरा आकडा सांगितला. लांब आहे. बरंच लांब आहे. थांबा धरून वेळ लागतो. पण तिथे विमान जातं. रोज माणसं चढतात, उतरतात, कान दुखले तर जांभई देतात. मला ढगांमधून एकदम इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीचे हात सोडून दिले.

दारावर थाप पडली ती रेश्माची. आमच्या भागात टपाल तीच वाटते. कोरेगावकडची मुलगी, स्कूटीवरून येते, आणि पोस्टाचं कार्ड हे उघडंच असतं म्हणजे ते वाचायलाच असतं असं तिचं मत आहे. संक्रांतीपासून ती मला 'काका, उत्तर?' असं विचारत होती, आणि मी 'लिहितोय' म्हणत होतो. आज तिच्या हातात विजेचं बिल होतं आणि चेहरा लाल. "काका, खरं हाय का ह्ये? चीनला निघालाय?" मी बिलासाठी हात पुढे केला, तिने ते दिलं नाही. "त्या बाईंनी सांगलीला बोलावलं तर तुमच्याच्यानं दोन वळी लिववंनात. डोळा फुटायची येळ आली तरी न्हाई. आन शांघायला मातर उडत निघाला व्हय? कोन हाय ती? तिनं कार्ड टाकलं असतं तर मला कळलं असतं." "मैत्रीण आहे," मी म्हणालो. "डोळ्याचं ऑपरेशन आहे. वाचून दाखवायचंय." रेश्मा तोंड उघडून बोलायला लागली आणि थांबली. तिची नजर टेबलाकडे गेली, कार्डाकडे. "सांगली," ती म्हणाली. मग, "शांघाय." मग परत, "सांगली," पण ओठ न हलवता, अगदी माझ्यासारखं. आणि एकदम ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली, आणि बिलाने तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली. मी पाणी दिलं. "आन तुमी कुनाला बोलला न्हाई?" "नाथाजीला बोललो. त्याला ऐकू आलं नाही." त्यावर तिला दुसरी उचकी आली. "सांगू का मी समद्यास्नी? मुजीबला तरी सांगते. काकी आणखी चटनी करत्यात."

आणि इथे मी असं काही केलं की जे छापखान्यात मी क्वचितच केलं होतं. मुद्रितात एखादा शब्द चुकून खोडला गेला आणि तो तसाच हवा असेल, तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. मला ते जमायचं नाही. खोडलेलं परत आणायला जो विश्वास लागतो तो माझ्याकडे नव्हता. "राहू दे," मी रेश्माला म्हणालो. "शांघायच राहू दे. आल्यावर सांगीन." ती उठली, डोळे पुसले. "पन उत्तर? आज पेटीत पडलं तर परवा पोचतंय. उद्या टाकलं तर मधी रविवार हाय. आन तुमी आदी जाऊन मग कार्ड पोचलं तर बरं दिसत न्हाई." कोऱ्या कार्डांची चळत तिच्या पिशवीत होतीच. तिने एक काढून टेबलावर ठेवलं, आणि काही न बोलता, म्हणजे तिच्या मानाने काही न बोलता, "पेटी मी अर्ध्या तासात उघडते," एवढंच सांगून जिना उतरली.

मी आधी पत्ता लिहिला. तो नेहमीच्या मुंगीच्या अक्षरात आला. मग कार्ड उलटलं आणि थांबलो. डावा डोळा तिचा नवीन असेल, उजवा बांधलेला, किंवा बांधायचा. कार्ड कोण वाचून दाखवणार तिला? शेजारीण? मोबाइलमधला बाबा? तिने स्वतः वाचलं पाहिजे, कुणाच्याही मदतीशिवाय, चष्म्याशिवाय, बसल्या जागेवरून. मग अक्षर मोठं हवं. एवढं मोठं मी कधी लिहिलंच नव्हतं, हात कसा फिरवायचा तेही कळेना. लग्नाच्या पाकिटांवर नावं घालायचा जाड मार्कर मनुबाईंकडे असेल म्हणून खाली जाऊन मागून आणला. त्यांना वाटलं वळकटीवर नाव घालायचंय. आता शब्द. एवढ्या जाड पेनाने लांब वाक्य मावणार नव्हतं. कार्ड मिळालं, आनंद झाला, आवाज पूर्वीसारखा नाही, हे सगळं आपोआपच बाहेर राहिलं. एकच शब्द मावत होता आणि तो कुठला हे मला आधी माहीत नव्हतं. हाताने तो लिहायला घेतल्यावर कळलं. आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. उंबऱ्यावरून माणूस कायमचा निघाला असला तरी तो 'येतो' म्हणतो. सांगलीच्या स्टँडवर, निकाल लागल्यावर, ट्रंक एसटीच्या टपावर चढवून मीही तिला तेच म्हणालो होतो, सगळे म्हणतात म्हणून, आणि ती 'ये' म्हणाली होती. त्या शब्दात येणं असतं हे मी तेव्हा वाचलंच नव्हतं. मी 'ये' काढला. त्याची मात्रा कार्डाच्या वरच्या कडेला लागली. मग 'तो', त्याचा काना सरळ खालपर्यंत. शाई थोडी पसरली. कुठल्याही मुद्रितात मी हे नापास केलं असतं. पंख्याखाली धरून वाळवलं, आणि ते इतकं मोठं दिसत होतं की खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं तरी ते मला वाचता येत होतं, चष्मा काढून पाहिलं तरी वाचता येत होतं.

पेटी चौकात आहे, पानाच्या टपरीशेजारी. मी कार्ड हातात उघडंच धरून चाललो, अक्षर बाहेरच्या बाजूला, कारण ते ओलं होतं. निदान मी स्वतःला असं सांगितलं. समोरून येणारा माणूस ते वाचायचा आणि माझ्याकडे पाहायचा. शाळेतून सुटलेल्या दोन मुली मोठ्याने वाचून पळाल्या. टपरीवर तंबाखू मळत उभा असलेला एक अनोळखी शेतकरी फेटा मागे सारून बराच वेळ बघत राहिला. "कोन येतंय, आबा?" त्याने विचारलं. "मी," मी म्हणालो, आणि रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं एवढ्या मोठ्याने म्हणालो. रेश्माची स्कूटी कोपऱ्यावर दिसायला लागली होती. मी कार्ड पेटीच्या तोंडात घातलं, क्षणभर त्याचं टोक धरून ठेवलं आणि सोडलं. सोडल्यावर आठवलं की त्यावर माझं नाव घालायचं राहून गेलं आहे. जागाच नव्हती. मी हात आत घालून पाहिला. पेटीचं तोंड अरुंद होतं, बोटांपलीकडे काही जाईना, आणि कार्ड आत केव्हाच खाली पोचलं होतं.